शिकागोच्या स्लॉट मशीनची कुळकथा

जुन्या यांत्रिक स्लॉट मशीनच्या, म्हणजे नाणे टाकून चित्रांची चक्रे फिरवायच्या जुगारयंत्राच्या, दर्शनी भागावर ज्या कंपनीचे नाव ओतलेले असते, त्याच कंपनीने ते यंत्र बनवले असेल असे गृहीत धरता येत नाही. लाकडी पेटी एका कंपनीची, आतली यंत्रणा दुसरीची, अ‍ॅल्युमिनियमचा दर्शनी भाग तिसऱ्याच कारखान्यात मागाहून ओतलेला आणि चक्रांवरच्या कागदी पट्ट्या कित्येक दशकांनंतर छापलेल्या, असे यंत्र विक्रीला येते, तेव्हा विकणारा ते एकाच नावाने विकतो आणि घेणाराही बहुधा तेच नाव लिहून ठेवतो. मी ही यंत्रे जमवतो त्यामागे खेळाची हौस नाही, हा नावांचा गुंता सोडवण्याची हौस आहे. हा गुंता कोणाच्या हलगर्जीपणाने झालेला नाही. जुगाराच्या यंत्राला कायद्याचे संरक्षण नव्हते, उलट कायदा सतत त्याच्या मागावर होता, आणि या दोन गोष्टींनी त्या यंत्राच्या जवळजवळ प्रत्येक भागावर आपली खूण सोडलेली आहे. निर्माता शोधायचा तर यंत्राबरोबर तो कायदाही वाचावा लागतो, या मताला मी हळूहळू आलो आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो आणि या छंदासाठी याहून सोयीचे ठिकाण नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तीन चक्रांची यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या प्रामुख्याने पाच होत्या. त्यांपैकी मिल्स, जेनिंग्ज, वॉटलिंग आणि पेस या चार शिकागोच्या, तर पाचवी, कैल बंधूंची, डेट्रॉइटची. घरी येणारे मराठी स्नेही ही यंत्रे पाहून गोव्याच्या कॅसिनोंची आठवण काढतात, परंतु त्या दोहोंत नावापलीकडे फारसे साम्य नाही. गोव्याने जुगारविषयक कायद्याच्या १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत ज्या यंत्रांना परवानगी दिली ती इलेक्ट्रॉनिक यंत्रे होती. तिथे निकाल चिप ठरवते आणि पडद्यावरची चक्रे केवळ तो निकाल दाखवतात. माझ्याकडच्या यंत्रांत विजेची एकही तार नाही.

ती चालतात कशी हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. नाणे टाकून दांडा ओढला की आधी एक खटका नाणे जागेवर आले आहे की नाही हे तपासतो; नाणे नसेल तर दांडा मध्येच अडतो. नाणे असेल तर ओढीच्या जोराने स्प्रिंगा ताणल्या जातात आणि एका टप्प्यावर सुटून तिन्ही चक्रांना एकदम फटका देतात. त्याच वेळी घड्याळासारखी एक दातेरी यंत्रणा चालू होते. तिच्या टोकाला हवेच्या रोधाने वेग आवरणारा छोटा पंखा असतो, आणि ती ठरावीक अंतराने तीन अडसर एकामागून एक सोडते. प्रत्येक अडसर आपल्या चक्राच्या दातेरी चकतीतल्या खाचेत पडतो आणि चक्र थांबते. चक्रांच्या बाजूला भोके पाडलेल्या चकत्या असतात. चक्रे थांबल्यावर बोटांसारख्या पट्ट्या ही भोके चाचपतात, आणि तिन्ही चकत्यांत योग्य जागी भोके लागली तरच खालच्या सरकत्या पट्ट्या मोकळ्या होऊन नाण्यांच्या उभ्या नळीच्या तळाची ठरलेली नाणी पन्हाळीत पडतात. संपूर्ण हिशेब हा असा भोकांत साठवलेला असतो. पुढच्या काळातल्या मिल्सच्या यंत्रांत तीन संत्र्यांना १०, तीन प्लमना १४ आणि तीन घंटांना १८ नाणी मिळत. हे आकडे दर्शनी भागावरच्या कार्डावर छापलेले असतात, परंतु कार्ड बदलता येते, म्हणून मी आधी चकत्या पाहतो.

चकत्या पाहण्याला आणखी एक कारण आहे. प्रत्येक चक्रावर २० चित्रे असतील तर तीन चक्रांच्या मिळून ८,००० जुळण्या होतात, आणि खिडकीतून पाहणारा मनातल्या मनात असाच हिशेब करतो. पण अनेक यंत्रांत एखाद्या खाचेवर धातूचा बारीक तुकडा बसवलेला आढळतो. त्यामुळे अडसर त्या खाचेत पडूच शकत नाही आणि त्या चक्राचे ते चित्र मधल्या ओळीवर कधीच थांबत नाही. ते वरच्या किंवा खालच्या ओळीत मात्र दिसत राहते, त्यामुळे खेळणाऱ्याला मोठे बक्षीस थोडक्यात हुकल्यासारखे वाटते. हे काम कारखान्याचे नव्हे, यंत्र चालवणाऱ्याचे. असे तुकडे मी काढून टाकत नाही, कारण ते त्या यंत्राच्या चरित्राचा भाग आहेत. मात्र यंत्र कोणाला दाखवताना ते सांगतो.

या सगळ्या यंत्रांचे मूळ शिकागोत नसून सॅन फ्रान्सिस्कोत आहे. बव्हेरियात जन्मलेल्या चार्ल्स फे या यंत्रकारागिराने तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तीन चक्रांचे ‘लिबर्टी बेल’ बनवले. काही जण त्याचे वर्ष १८९५ देतात, तर काही १८९९. त्याच्या चक्रांवर नाल, इस्पिक, चौकट, बदाम आणि घंटा अशी चित्रे होती, प्रत्येक चक्राला १० थांबे होते, आणि तीन घंटा लागल्या की पाच सेंटची १० नाणी, म्हणजे अर्धा डॉलर, हे सर्वांत मोठे बक्षीस मिळत असे. फे यंत्रे विकत नसे. ती दारूच्या गुत्त्यांत ठेवून मिळकतीचा अर्धा वाटा घेत असे. एरवी हा तपशील नुसता व्यापारी वाटेल, पण त्यामागे न्यायालये होती. केवळ जुगारासाठी वापरले जाणारे यंत्र ‘उपयुक्त’ नसल्याने त्याचे पेटंट ग्राह्य नाही, अशी भूमिका अमेरिकी न्यायालयांनी घेतली होती. १८९७ मध्ये पत्ते खेळणाऱ्या एका नाणेयंत्राच्या दाव्यात खुद्द कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने असाच निकाल दिला होता. ज्या यंत्राची नक्कल रोखता येत नाही ते विकायचे कशाला, असा फेचा विचार असेल तर तो बरोबरच होता. एक यंत्र हातातून गेले की ते उघडून पाहणाऱ्याला अडवणारे कोणी नव्हते.

आणि ते गेलेच. सॅन फ्रान्सिस्कोतील एका गुत्त्यातून एक ‘लिबर्टी बेल’ चोरीला गेले आणि ते शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीकडे पोहोचले, अशी कथा फेच्या घराण्यात सांगितली जात आली आहे. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, १९०७ च्या सुमारास मिल्सचे तीन चक्रांचे यंत्र बाजारात होते आणि त्याची रचना कोणाच्या डोक्यातून निघाली याबद्दल कुणाला शंका नव्हती. मिल्सने चक्रांवरची चित्रे वाढवली आणि तीन ओळी दिसतील एवढी मोठी खिडकी दिली. फेचा कारखाना १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सापडला. सॅन फ्रान्सिस्को शहराने १९०९ मध्ये या यंत्रांवर बंदी घातली आणि लवकरच संपूर्ण कॅलिफोर्नियाने तिचे अनुकरण केले. यंत्राचे माहेर सुटले आणि ते शिकागोत नांदू लागले.

मिल्सची नक्कल मग इतरांनी केली, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ओड जेनिंग्ज हा गृहस्थ आधी मिल्सच्याच नोकरीत होता. त्याने ‘इंडस्ट्री नॉव्हेल्टी कंपनी’ काढली आणि सुरुवातीला मिल्सची जुनी यंत्रे दुरुस्त करून, नव्याने सजवून विकली. जेनिंग्जच्या नावाची स्वतंत्र यंत्रे त्यानंतरची. त्यामुळे त्या सुरुवातीच्या काळातले एखादे यंत्र समोर आले की ते मिल्सचे म्हणावे की जेनिंग्जचे, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नसते. माझ्या नोंदवहीत मी अशा वेळी पेटी, यंत्रणा आणि दर्शनी भाग असे तीन रकाने ठेवतो आणि प्रत्येकात वेगळे नाव लिहितो. काही संग्राहकांना हे पसंत नाही, कारण तीन नावांच्या यंत्राची किंमत एका नावाच्या यंत्रापेक्षा कमी येते. किमतीसाठी इतिहास सोपा करावा असे मला वाटत नाही.

आता फळांकडे वळू. चेरी, संत्री, प्लम, लिंबू ही चित्रे आज स्लॉट मशीनची ओळख बनली आहेत, पण ती तिथे आली ती कायदा चुकवण्यासाठी. १९०९-१० च्या सुमारास जेनिंग्जच्या ‘इंडस्ट्री नॉव्हेल्टी’ने आणि पाठोपाठ मिल्सने आपली यंत्रे च्युइंगम विकणारी यंत्रे म्हणून बाजारात आणली. नाणे टाकले की गमची पुडी मिळते, आणि चक्रांवरची फळे म्हणजे गमचे स्वाद, अशी ही सजावट होती. ‘बार’ हे आजही सर्वत्र दिसणारे काळे आडवे चिन्ह याच ‘बेल-फ्रूट’ गमच्या छापील चिठ्ठीवरून आले आहे. यंत्राच्या बाजूला गमच्या पुड्यांची उभी जागा असेल, किंवा ती काढून टाकल्याच्या खुणा पेटीवर असतील, तर ते यंत्र जिथे रोख बक्षिसाला बंदी होती अशा मुलखासाठी बनले होते असे समजावे.

या पळवाटांत मला सर्वांत चतुर वाटते ती पुढचा निकाल आधीच दाखवण्याची सोय. काही यंत्रांवर एक छोटी खिडकी असे, आणि पुढच्या खेळीला किती नाणी किंवा टोकन मिळणार हे तिच्यात आधीच दिसत असे. म्हणजे खेळणाऱ्याला काय मिळणार हे ठाऊक असताना त्याने पुडी विकत घेतली. यात नशीब कुठे आले, असा बचाव वकील करू शकत. प्रत्यक्षात तो पाच सेंट टाकत असे ते त्यानंतरच्या खेळीचा आकडा पाहण्यासाठी, आणि न्यायाधीशांनाही हे कळत होतेच. दुसरी पळवाट म्हणजे प्रत्येक चक्राखाली एक बटण देणे. बटण दाबून चक्र थांबवता येते, म्हणून हा कौशल्याचा खेळ आहे, असा तो युक्तिवाद होता. चक्रांच्या वेगामुळे त्या कौशल्याचा उपयोग किती होत असेल हे सांगायला नको. संग्राहकाला मात्र या खिडक्या आणि ही बटणे फार उपयोगी पडतात, कारण ती पाहिली की यंत्राचा काळ आणि त्याचा बाजार पुष्कळ अंशी निश्चित करता येतो.

काळ ठरवण्याची आणखीही साधने आहेत. नाणी साठवून एकदम ओतणारा ‘जॅकपॉट’ विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. तो इतका लोकप्रिय झाला की त्याआधीच्या यंत्रांना बाहेरून जोडायचे जॅकपॉट आणि बदली दर्शनी भागही विकले जाऊ लागले. म्हणून जॅकपॉट दिसला एवढ्यावरून यंत्र १९२८ नंतरचे म्हणता येत नाही, आतली यंत्रणा दहा वर्षांनी जुनी असू शकते. १९३१ च्या सुमारास मिल्सने नाणे टाकण्याच्या जागी एक सरकती पट्टी आणली, जिच्यात शेवटची काही नाणी खिडकीतून दिसत राहतात. तिचा हेतू शोभेचा नव्हता. खोटे नाणे टाकले की ते सर्वांना दिसावे, हा होता. वॉटलिंगने १९३५ मध्ये ‘रोल-अ-टॉप’मध्ये याच कल्पनेची मिरवणूक काढली आणि नाणी यंत्राच्या गोलाकार माथ्यावरून सरकत जाताना दाखवली. ते दिसायला फार देखणे यंत्र आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्या पुढच्या काळात झालेल्या नकलांनी बाजार भरला आहे.

नक्कल ओळखण्याचा एकच एक उपाय नाही. मी आधी स्क्रू पाहतो. अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स पद्धतीचे, स्क्रू अमेरिकी कारखान्यांत तीसच्या दशकाच्या मध्यानंतर आले. १९२० च्या सांगितलेल्या यंत्रात ते असतील तर निदान त्या जागी तरी नंतरचा हात फिरलेला आहे. मग ओतीव कामाच्या कडा पाहतो: मूळ भागाचाच साचा करून त्यातून नवा भाग ओतला, तर धातू थंड होताना आकसतो, म्हणून नकलेचा भाग मूळ भागापेक्षा किंचित लहान भरतो आणि त्यावरची बारीक नक्षी बोथट दिसते. हातात कॅलिपर, म्हणजे बारीक माप घेण्याचे साधन, असेल तर या परीक्षेला मी सर्वांत जास्त गुण देतो. यानंतर अनुक्रमांक. तो पेटीवर आणि यंत्रणेवर वेगवेगळा असेल तर दोन यंत्रांचे एक झाले आहे असे समजावे. क्रमांक तासून काढलेलीही यंत्रे येतात. धाडी पडत असताना यंत्राचा माग लागू नये अशी इच्छा असणारे लोक पुष्कळ होते. नाणी मात्र या तपासात काही मदत करत नाहीत. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याचा आकार आणि वजन १८८३ पासून बदललेले नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्रात आज खिशातले नाणे निर्धास्त टाकता येते, आणि हा या छंदातला एक निखळ आनंद आहे.

दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यांनी युद्धसाहित्य बनवले, युद्धानंतर पुन्हा यंत्रे बनवली, आणि मग १९५१ च्या जानेवारीत ‘जॉन्सन कायदा’ आला. ज्या राज्यांत ही यंत्रे चालवण्यास परवानगी नाही तिथे ती दुसऱ्या राज्यातून पाठवणे त्या कायद्याने गुन्हा ठरले. नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला होता, पण देशभर माल पाठवणाऱ्या शिकागोच्या कारखान्यांना तेवढे एक राज्य पुरणारे नव्हते. गमतीचा भाग असा की या कायद्याने आणि त्याच्या १९६२ च्या दुरुस्तीने यंत्रावर अनुक्रमांक, निर्मात्याचे नाव आणि निर्मितीची तारीख कायमची लावणे बंधनकारक झाले. अर्धे शतक ज्या माहितीसाठी आम्ही स्क्रू आणि भोके तपासतो, ती माहिती यंत्रावर लिहिण्याची सक्ती झाली ती तो धंदा जवळपास संपत आल्यावर.

धंदा देशाबाहेर सरकला तेव्हा नावांचा गुंता आणखी वाढला. हवाईतील ‘सर्व्हिस गेम्स’ या व्यवसायाने अमेरिकी सैन्यतळांना यंत्रे पुरवण्यासाठी जपानमध्ये बस्तान बसवले, आणि पुढे तिथे मिल्सच्या ‘हाय टॉप’ या यंत्राची हुबेहूब आवृत्ती बनू लागली. सर्व्हिसचे ‘से’ आणि गेम्सचे ‘गे’ जोडून रोमन लिपीत जे नाव झाले ते सेगा. पुढे व्हिडिओ गेममुळे घरोघरी पोहोचलेली सेगा कंपनी ती हीच. सेगाचे यंत्र आणि मिल्सचे यंत्र शेजारी ठेवून मागचे दार उघडले तर अनोळखी माणसाला फरक सांगता येत नाही. मिल्सने फेचे यंत्र घेतले आणि पन्नास वर्षांनी सेगाने मिल्सचे घेतले. पेटंट नसलेल्या वस्तूची ही वंशावळ सरळ रेषेत चालते. १९६३-६४ मध्ये बॅली या कंपनीने बक्षिसाची नाणी विजेच्या मोटरने देणारे ‘मनी हनी’ आणले आणि पूर्ण यांत्रिक यंत्रांचा काळ सरला.

अशी यंत्रे घरी ठेवता येतात का, असे मला वारंवार विचारले जाते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कॅलिफोर्नियात यंत्र २५ वर्षांहून जुने असावे लागते आणि ते जुगारासाठी वापरता येत नाही, तर काही राज्यांत वयाची अट याहून कडक आहे. घेण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम स्वतः वाचावा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

भारतातल्या वाचकांना या कुळातले एक यंत्र मात्र घरबसल्या ओळखीचे आहे. वॉटलिंगने स्लॉट मशीनच्या जोडीने नाणे टाकून चालणारी वजनयंत्रे बनवली, आणि त्यांतली काही वजनाबरोबर भविष्यही सांगत. आपल्याकडच्या रेल्वे स्थानकांवर रंगीत दिव्यांची जी उंच वजनयंत्रे असत आणि वजन छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट देत, ज्याच्या मागे भविष्याची एक ओळ असे, ती याच जातीची. ती कोणत्या कारखान्यांत बनली, त्यांतले किती भाग परदेशातून आले आणि किती इथे ओतले गेले, हे त्यांच्या निर्मात्याच्या पट्ट्यांवरूनच कळू शकेल. महाराष्ट्रातल्या एखाद्या स्थानकावर, भंगारवाल्याकडे किंवा जुन्या चित्रपटगृहाच्या आवारात असे यंत्र कोणाला दिसले, तर मागच्या दाराच्या आतली धातूची पट्टी पाहावी, तिच्यावरचे नाव, गाव आणि क्रमांक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत आणि जमल्यास यंत्रणेचे छायाचित्र काढून मला पाठवावे. दर्शनी भागाचे छायाचित्र नसले तरी चालेल.